एआयकडून लेख लिहून घेताना या चुका टाळा

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी आलेले सगळे लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात, अशी कुरकूर हल्ली पुण्यात ऐकू येते. कोथरूडचे निवृत्त अभियंते, हडपसरच्या शिक्षिका, कॅम्पातले दुकानदार, सगळेच ‘समृद्ध वारसा’ आणि ‘अविस्मरणीय प्रवास’ लिहू लागलेत. यात दोष चॅटजीपीटी, जेमिनी अशा एआय साधनांचा थोडा, वापरणाऱ्याचा जास्त.

कोऱ्या पाटीने विचारणं. ‘पानशेतच्या पुरावर लेख लिहून दे’ एवढंच सांगितलंत, तर १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे मिळेल. ते शेजाऱ्यालाही मिळेल. ही साधनं आधीचा मजकूर पाहून पुढे काय येण्याची शक्यता जास्त ते निवडत जातात, त्यामुळे मोघम मागणीला मळलेल्या वाटेचंच उत्तर येतं. पाणी ओसरल्यावर आजीने गव्हाच्या डब्यातून चिखल कसा उपसला, हे त्याला कुठून कळणार? तेव्हा आधी फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. अडखळत, उलटसुलट, कसंही चालेल. ते जसंच्या तसं उतरवून द्या आणि सांगा, ‘क्रम लाव, वाक्यं बदलू नकोस, जे समजत नाही ते मला विचार.’ शेवटची सूचना सगळ्यात कामाची. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, रात्र कुठे काढली, असे प्रश्न येतात आणि तुमच्याच उत्तरांनी लेख भरत जातो.

‘जरा छान कर’ म्हणणं. छान म्हणजे त्याच्या लेखी गुळगुळीत. ‘आजोबा भयंकर चिडके, पण पेपरवाल्याचे पैसे कधी थकवले नाहीत’ हे वाक्य ‘आजोबांचा स्वभाव कठोर असला तरी ते अत्यंत प्रामाणिक होते’ असं होऊन परत येतं. पेपरवाल्याबरोबर आजोबाही गेले! नेमकं काम सांगा: शुद्धलेखनाच्या चुकांची फक्त यादी दे, किंवा शब्दमर्यादेसाठी कोणती वाक्यं गाळता येतील ते दाखव. ऱ्हस्व-दीर्घात तेही चुकतं, म्हणून शुद्धलेखनाचा कोश हाताशी असू द्या.

‘माझ्या शैलीत लिही’. जुने लेख नमुन्याला दिले तरी बहुतेकदा नक्कलच हाती येते. तुम्ही कुठे एकदा ‘बरं का’ लिहिलं असेल, तर ते परिच्छेदागणिक पेरतं. माझ्या मते या भानगडीत पडूच नये.

सनावळीवर विसंबणं. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची आणि मोठी आग १८२८ ची, हे ठिकठिकाणी छापलेलं आहे, त्यामुळे बहुधा बरोबर येईल. तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं स्थापनेचं वर्षही ते तितक्याच ठामपणे ठोकून देऊ शकतं. तिथे मंडळाचा जुना अहवालच काढावा लागतो.

आणि लेख आधीच हातातून निसटला असेल तर? दुरुस्तीवर दुरुस्ती मागत बसू नका, दर फेरीला तो आणखी परका होतो. मूळ मसुदा (तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवलात ना?) आणि नवा मसुदा घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ‘तू कधी असं बोलतोस?’ असं जिथे कुणी विचारेल, तिथे जुनं वाक्य परत आणा. संपादकांनी विचारलं, तर कुठे किती मदत घेतली तेही सांगून टाका.