वाइन की व्हाइन? आधी कान, मग ओठ

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये किंवा नाशिकजवळच्या वायनरीत परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायची वेळ अनेकांवर येते. व्याकरण ठीक असतं, शब्दही असतात, तरी समोरचा ‘सॉरी?’ म्हणतो. अडतं ते मोजक्या चार-पाच ध्वनींवर. हे ध्वनी तोंडात अडण्याआधी कानात अडलेले असतात, म्हणून सुरुवात कानापासून करा.

पहिली जोडी नाशिकच्या रोजच्या कामातली आहे: प्यायची वाइन आणि द्राक्षवेल या अर्थाची व्हाइन. आपल्या लेखनाने इथे थोडा घोळ केला आहे. व्हॅन, व्हिडिओ, व्होट यांत इंग्रजी व्ही आहे. व्हाइट, व्हील, व्हॉट यांत मात्र डब्ल्यू आहे, म्हणजे वाइन-वॉटरमधलाच ध्वनी. दोन्हीकडे आपण ‘व्ह’ लिहितो आणि मग तसंच ऐकतो. म्हणून हे शब्द शिकताना देवनागरी बाजूला ठेवा, स्पेलिंगचं पहिलं अक्षर बघा.

कानाचा सराव असा करा. वेट–व्हेट (ओला, जनावरांचा डॉक्टर), वेस्ट–व्हेस्ट (पश्चिम, बंडी), वर्स–व्हर्स (अधिक वाईट, कवितेची ओळ) अशा जोड्या घ्या. ऑनलाइन शब्दकोशातले उच्चार वापरा, पण एकच आवाज नको. बाई, पुरुष, ब्रिटिश, अमेरिकन असे निदान चार-पाच आवाज हवेत. हेडफोन लावा. घरातल्या कुणाला तरी कसेही उलटसुलट 20 शब्द वाजवायला सांगा. तुम्ही फक्त ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’ म्हणायचं, आणि चूक की बरोबर ते लगेच कळायला हवं. नुसत्या अंदाजानेही 20 पैकी 10 बरोबर येतात, त्यामुळे 12-13 वर खूश होऊ नका. सलग तीन दिवस 17-18 आले की कान तयार झाला. आवाज बदलत राहणं महत्त्वाचं. एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाची लकब पाठ करतो, ध्वनी शिकत नाही. अनेक आवाज वापरून जपानी लोकांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ ओळखायला शिकवल्याचे प्रयोग 1990 च्या दशकात झाले. 1997 मध्ये असंही दिसलं की केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचा उच्चारही सुधारला.

आता आरसा घ्या. व्हीसाठी खालच्या ओठाची आतली ओली कड वरच्या दातांच्या टोकाला हलकेच टेकवा आणि आवाज चालू ठेवून हवा सोडा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखी घरघर जाणवली पाहिजे, आणि ती तीन सेकंद टिकली पाहिजे. मराठी ‘व’ मध्ये ओठ दाताजवळ जातो पण घासत नाही, ‘व्ह’ मध्ये घशातून हवेचा झोत येतो. इंग्रजी व्ही या दोन्हींहून वेगळा. ओठ घट्ट चावलात तर हवा अडते आणि ‘ब’ ऐकू येतो. डब्ल्यूसाठी उलट: ‘ऊ’ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करा आणि तिथून झटकन पुढच्या स्वरावर जा, ‘ऊआइन’. सुरुवातीला आरशात दात दिसले तर चुकलं. एक सावधगिरी: वेल ‘व्हाइन’ असली तरी द्राक्षमळा ‘व्हाइनयार्ड’ नाही, ‘व्हिन्यर्ड’ आहे.

दुसरी अडचण आपल्याला जाणवतच नाही, कारण ती समोरच्याच्या कानात होते. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजी प, ट, क हवेच्या झोतासह येतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनींच्या अभ्यासकांनी 1964 मध्ये अकरा भाषांतला हा झोत मोजला, त्यांत मराठीही होती. इंग्रजीत ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंठाचा आवाज सुरू होईपर्यंत प ला सुमारे 58, ट ला 70 आणि क ला 80 मिलिसेकंद लागले. मराठी ‘प’ मध्ये ही फट जवळजवळ नसतेच. म्हणून आपला ‘पॅक’ त्यांना ‘बॅक’ वाटू शकतो. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ओठांपासून दोन बोटांवर धरा. ‘पान’ म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. ‘पॅक’ म्हणताना ती उडाली पाहिजे. मराठी ‘फ’ ओठ पूर्ण मिटून म्हटला की हाच झोत मिळतो. हल्ली बरेच जण ‘फ’ दाताने म्हणतात, तो इथे चालत नाही. ‘स’ नंतर मात्र झोत नको: ‘स्पेन’ मधला प आपलाच.

ट आणि ड साठी जीभ मागे वळवू नका, टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लावा. एवढं पुरे, यावर फार वेळ घालवू नका.

पिक (तोडणी करणं) आणि पीक (हंगामाचा भर) यांत मात्र ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नका. शेवटी ‘ग’ असलेला ‘पिग’ मधला ऱ्हस्व स्वर ‘पीक’ मधल्या दीर्घाइतकाच लांब ऐकू येऊ शकतो. फरक मुख्यतः जिभेच्या जागेचा आहे. ‘पीक’ ला ओठ ताणलेले, जीभ उंच. ‘पिक’ ला जबडा किंचित खाली, जीभ सैल, स्वर थोडा ‘ए’ कडे झुकलेला.

शब्दाच्या शेवटचा झेडही तपासा. ‘सssss’ म्हणत राहा आणि मध्येच गळ्याचा आवाज सुरू करा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागेल. पाच सेकंद ताणता आला तर तो झेड. ‘जग’ मधला ‘ज’ ताणता येत नाही, कारण त्यात जीभ आधी टेकते.

रोज पंधरा मिनिटं, पहिली दहा ऐकण्याला. आठवड्यातून एकदा हे वाक्य फोनवर रेकॉर्ड करा: ‘वी पिक अँड पॅक इन पीक सीझन, अँड दीज वाइन्स कम फ्रॉम ओल्ड व्हाइन्स.’ ज्याला वाक्य माहीत नाही आणि ज्याचा कान तयार आहे अशा कुणाला ते ऐकवून इंग्रजीत लिहून घ्यायला सांगा. तो जिथे वेगळं अक्षर लिहील, पुढच्या आठवड्याचा सराव तिथला.