कॉलेजसाठीचा पैसा खरंच आला का, बजेटमध्ये आपलं आपण कसं बघायचं

मार्चमध्ये मुंबईत बजेट मांडलं की दुसऱ्या दिवशी पेपरात "मराठवाड्याला काय मिळालं" अशी चौकट येते, ती दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरते आणि मग सगळे विसरून जातात. घोषणा, तरतूद (बजेटात लिहिलेला आकडा), वितरण (प्रत्यक्ष सोडलेला पैसा) आणि खर्च या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत बघा. आपल्या कॉलेजात लॅब होते का, शिकवायला माणूस येतो का, हे शेवटच्या दोनवर ठरतं. म्हणून भाषण बाजूला ठेवा अन् आकडे बघा.

वित्त विभागाच्या साइटवर विभागवार बजेटची पुस्तकं पीडीएफमध्ये असतात, त्यातलं उच्च व तंत्र शिक्षण विभागाचं उघडा. पानं लई असतात पण सगळी वाचायची नाहीत, थेट लेखाशीर्ष (कुठला पैसा कशासाठी ते सांगणारा हिशोबाचा नंबर) २२०२ शोधा, म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, आणि त्यात ०३ म्हणजे विद्यापीठ व उच्च शिक्षण (शाळांचा पैसाही २२०२ मध्येच असतो पण तो शालेय शिक्षण विभागाच्या पुस्तकात, गल्लत करू नका). ०३ च्या खाली १०२ म्हणजे विद्यापीठांना सहाय्य, १०३ शासकीय महाविद्यालयं आणि १०४ अशासकीय महाविद्यालयांना सहाय्य. आपल्याकडं बीड, परभणी, हिंगोली कुठंही बघा, बहुतेक कॉलेजं संस्थांचीच, अनुदानित, म्हणून आपल्या कामाचं शीर्ष १०४. इंजिनिअरिंग-पॉलिटेक्निकसाठी २२०३ आणि इमारतींसाठी ४२०२ बघायचं.

आता एकेका ओळीत शेवटी काय लिहिलंय ते बघा. ३६ असेल तर सहायक अनुदान वेतनासाठी, ३१ असेल तर वेतनेतर. इथं खरी गोष्ट कळते, कारण बहुतेक पैसा पगारातच जातो आणि "उच्च शिक्षणाची तरतूद वाढली" असं वाचलं तरी ती वाढ निव्वळ महागाई भत्त्याची असू शकते, त्यातून एक नवीन खुर्चीसुद्धा येत नाही. वाढ ३६ मध्ये आहे का ३१ मध्ये, हे आधी तपासा, मगच कुणाचं अभिनंदन करा.

आकड्यांचे रकाने पण नीट बघा. मागच्याच्या मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज, आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. सुधारित आकडा मूळ आकड्यापेक्षा खाली आला असेल तर वर्ष चालू असतानाच कात्री लागली असं समजा. वर्षाच्या मधी काय चाललंय ते बीम्स या सरकारी पोर्टलवर दिसतं, तरतूद किती, वितरित किती, खर्च किती. पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या (बजेटानंतर जादा मागितलेला पैसा) येतात, त्या पण बघत जा. शिष्यवृत्त्या मात्र सगळ्या याच पुस्तकात शोधू नका, अनुसूचित जातीच्या सामाजिक न्याय विभागाकडं असतात.

प्राध्यापक भरतीचं वेगळं लिहितो कारण आपल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतंय. पद मंजूर असणं आणि ते भरायला वित्त विभागाची परवानगी असणं वेगळं. २०१८ मध्ये राज्यात ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली, त्यातली १,४९२ भरली गेली, उरलेल्या २,०८८ साठी २०२१ मध्ये परत मान्यता घ्यावी लागली! तोवर वर्ग कोण घेत होतं तर तासिका तत्त्वावरची नेट-सेट, पीएचडी झालेली आपलीच पोरं, आणि त्यांचं मानधन वेळेवर येत नाही हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा. म्हणून भरतीची बातमी आली की शासन निर्णयांच्या साइटवर जाऊन जीआर काढा आणि त्यात पदसंख्या, वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख आणि लेखाशीर्ष या तीन गोष्टी शोधा.

एवढं करून आपल्या कॉलेजचं कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्याकडं सहसंचालक, उच्च शिक्षण यांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. दहा रुपये फी, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "पैसे का दिले नाहीत" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं लिहा: "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात २२०२-०३-१०४ खाली आपल्या कार्यालयास वितरित झालेलं अनुदान, त्यातून महाविद्यालयनिहाय दिलेली रक्कम आणि समर्पित केलेली रक्कम, यांच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात." (समर्पित म्हणजे न वापरता परत केलेला पैसा.) तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा.

आणि हे कागद घरात ठेवू नका. विद्यापीठाचं स्वतःचं बजेट अधिसभेपुढं (सिनेटपुढं) येतं, तिथं नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण असतात, त्यांना गाठा. विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक आमदार तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे, त्यांना लेखाशीर्षासकट तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) लिहून द्या. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये मराठवाड्याचं नाव घेऊन तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी असाव्यात असं म्हटलंय, त्याखालच्या विकास मंडळाची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० ला संपली, तोही मुद्दा त्यात घाला. अधिवेशनाच्या आठ दिवस आधी दिलेल्या कागदाचा काही उपयोग होत नाही, मार्चच्या बजेटसाठी दिवाळीच्या आसपासच तयारीला लागा, कारण विभागांचे प्रस्ताव तेव्हाच वर जायला लागतात.