सुका कचरा वेगळा ठेवताय? मग या चुका टाळा

पुण्यात कितीतरी घरांतून रोजचा कचरा गोळा करतात त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताई. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ही संस्था आली. दरमहा घरागणिक शुल्क मिळतं, शिवाय सुक्या कचऱ्यातलं जे भंगारात विकलं जातं त्याचे पैसेही या ताईंचेच. त्यामुळे आपल्या बादलीत काय कशात मिसळलं, याचा फटका थेट त्यांच्या कमाईला बसतो.

बरबटलेल्या वस्तू सुक्यात टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. आमटी सांडलेला पुठ्ठा कवडीमोल होतो, आणि त्याला चिकटलेली चांगली रद्दीही. हॉटेलातून आलेला प्लास्टिकचा डबा, सॉसची बाटली, दह्याचा कप भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात खळबळून घ्या. चकाचक करायची गरज नाही, अन्न निघालं आणि डबा कोरडा झाला की पुरे. सुक्या बादलीला वास येत असेल किंवा मुंग्या लागत असतील, तर आधी दुधाची पिशवी शोधा.

ही पिशवी चांगल्या प्लास्टिकची असते, तिला भंगारात भाव मिळतो. पण आपण तिचा कोपरा कापून टाकून देतो आणि तो इवलासा तुकडा पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. पूर्ण न कापता फक्त चीर द्या, म्हणजे कोपरा पिशवीलाच राहील. मग विसळून ओट्याशी पालथी वाळत घाला.

पिझ्झाच्या खोक्याचं झाकण बहुधा स्वच्छ असतं. ते फाडून सुक्यात टाका, तेलकट तळ ओल्यात.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं

बादली खराब होऊ नये म्हणून आपण पिशवीची गाठ मारून देतो. ती गाठ नंतर कुणाला तरी हातानं सोडावी लागते. सुटली नाही तर प्लास्टिक खतात जातं. आत कोंडलेल्या पाण्यामुळे दुर्गंधी वाढते, अळ्याही होतात. त्यापेक्षा पातळ पदार्थ आधी गाळून घ्या, बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला आणि बादली रोज रिकामी करा.

पॅड, डायपर आणि काच

याबाबत मात्र सबब चालू नये. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर सुक्या कचऱ्यात सापडतं, तेव्हा ते उचलणारा हात एका माणसाचा असतो. कागदात घट्ट गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. पुण्यात या ठिपक्याची मोहीमच झाली आहे, त्यामुळे ताईंना तो लगेच ओळखू येतो. फुटलेली काच, ब्लेड, सुया जाड कागदाच्या चार घड्यांत बांधा आणि देताना तोंडानं सांगा.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका यांच्या जोडीला घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. जुनी औषधं, रंगाचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या हे सगळं त्यात येतं. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. मोबाइलची लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. म्हणून असले दिवे आणि बॅटऱ्या एका खोक्यात साठवा आणि ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या.

“हे कशात टाकू?”

वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं सुक्यातच, जरी भंगारवाला ती घेत नसला तरी. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तोही विसळून सुक्यात. दुकानातलं गुळगुळीत बिल रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा लेप असतो. केर आणि केस सुक्यात, पण वेगळ्या पुडीत. अंड्याची टरफलं ओल्यात. करवंटी कुजायला फार वेळ घेते, म्हणून ती वेगळी घेतात का ते ताईंनाच विचारा.

आणि एखाद्या दिवशी त्यांनी तुमचा कचरा न घेता परत दिला, तर तक्रारीचा फोन लावण्याआधी बादली त्यांच्यासमोर उघडा. काय मिसळलं गेलंय ते त्या एका नजरेत दाखवतील.