एमजीबी थरथरते? डिस्ट्रीब्युटर फिरवण्याआधी रबर बघा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरायला लागलं की बहुतेकांचा हात आधी डिस्ट्रीब्युटरकडे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जातो. मीही एक अख्खा रविवार टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागेपुढे करण्यात घालवलाय. संध्याकाळी टॉर्च मारून बघितलं, तर डावीकडच्या फाउंडेशनचं (ज्यावर इंजिन बसतं त्या आधाराचं) रबर लोखंडी पट्टीपासून सुटलेलं आणि तेल पिऊन लिबलिबीत झालेलं. नख दाबलं तर खूण तशीच राहिली.

त्यामुळे आधी रबर. गाडी उभी असताना थरथरते, पण रस्त्यावर नीट खेचते? मग टायमिंगवर संशय घेऊ नका. क्लच सोडताना इंजिन एका बाजूला उचललं जातं का, सायलेन्सरचा पाइप बॉडीला घासतो का, ते बघा. गळकं टॅपेट कव्हर तसंच ठेवून नवं रबर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, खरं तर तेलात. बदलायची तर दोन्ही बाजूंची बदला. जॅक थेट चेंबरला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) लावू नका, पत्रा आत जातो. मध्ये जाड फळी ठेवा. बोल्ट आधी हातानेच लावा आणि इंजिनचं वजन रबरावर पूर्ण बसल्यावर आवळा. घाईत आधीच आवळलं की रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

शेवटी अर्थिंगची पट्टी! इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. पट्टी जोडायची राहिली तर स्टार्टरचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर समजून जा.

रबर ठीक असेल तरच टायमिंग. इथली मोठी चूक क्रमाची: आधी टायमिंग, मग पॉइंट (डिस्ट्रीब्युटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क). पॉइंटचा गॅप वाढला की ते लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते). कमी झाला की रिटार्ड (ठिणगी उशिरा). म्हणजे आधीची मेहनत फुकट. लुकास २५डी४ डिस्ट्रीब्युटरला फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी गॅप ठेवा, मगच पुढे जा. हाताने रोटर (डिस्ट्रीब्युटरमधला फिरणारा भाग) हलवून बघा. शाफ्टचं बुश झिजलं असेल तर गॅप कितीही लावा, ठिणगी भटकतच राहणार.

सुरुवातीच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनला स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून) पिस्टन वर पोचण्याआधी १० अंश; टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) ६०० आरपीएमला १४. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे, त्यामुळे इंजिन नंबर बघूनच आकडा घ्या. लाइट लावताना डिस्ट्रीब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. क्रँक पुलीवरच्या टायमिंगच्या खुणेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. बाहेरची रिंग रबराने चिकटवलेली असेल तर ती वर्षानुवर्षांत सरकते, मग खूण खोटं बोलते. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन खरंच वर आलाय का ते तपासा.

पुस्तकातले आकडे त्या काळच्या पेट्रोलचे. चढावर टॉप गिअरमध्ये रेस दिल्यावर खडखड ऐकू आली तर एकदोन अंश रिटार्ड करा. एमजीबीत रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून त्यासाठी डिस्ट्रीब्युटरही घड्याळाच्या उलटाच फिरवायचा, अगदी केसभर.