सेप्सिसमधून वाचून घरी आल्यावर काय काय करायचं

डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि पेशंटला वाटतं आठवड्याभरात मी पहिल्यासारखा हिंडाफिरायला लागेन. सेप्सिसमध्ये तसं होत नाही आणि हे निघताना कोणी धड सांगत नाही, म्हणून लिहितेय. माझ्या आईला लघवीच्या इन्फेक्शनवरून सेप्सिस झाला, त्यात शुगर जुनी, व्हेंटिलेटरपर्यंत गेली होती.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. सेप्सिसमध्ये इन्फेक्शनशी लढता लढता शरीर इतकं बिथरतं की किडनी, फुप्फुसं, मेंदू, स्नायू सगळ्यांनाच मार बसतो. त्यामुळे जंतू मेले, रिपोर्ट नॉर्मल आले तरी झालेली झीज भरून यायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. म्हणून "रिपोर्ट तर चांगले आलेत, मग उठत का नाही" असं पेशंटला कृपा करून म्हणू नका, तो आळस करत नसतो.

सगळ्यात जास्त जाते ती पायातली ताकद. आयसीयूत पडून असलेल्या सिरीयस पेशंटच्या मांडीचा स्नायू १० दिवसांत साधारण पाचव्या भागाइतका झिजतो असं मोजलेलं आहे, मग जिना कसा चढणार माणूस? सुरुवात कॉटच्या कडेला पाय सोडून बसण्यापासून करायची, मग खुर्चीतून उठ-बस चार-पाच वेळा, मग घरातल्या घरात चालणं, बिल्डिंगखाली नंतर. दुसऱ्या दिवशी अंगात अजिबात त्राण नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा आणि थोडं कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. झोपेतून एकदम उभं करायचं नाही, बीपी पडून चक्कर येते. आंघोळ हे या दिवसांत मोठं काम असतं, तेव्हा बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवा आणि आंघोळीनंतर तासभर पडू द्या, लगेच व्यायाम नको. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. आणि परवडत असेल तर सुरुवातीला तरी फिजिओ घरी बोलवाच, मी बाकीचे खर्च कमी करेन पण हा नाही.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की पेज आणि साबुदाण्याची खीर, त्याने स्नायू भरत नाहीत. अंडं, घट्ट वरण, मोडाची मूग, दही, पनीर, मासे जे चालत असेल ते थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा द्या, तोंडाला चव नसते त्यामुळे ताटभर वाढलं की बघूनच नको होतं. किडनीला मार बसला असेल तर मात्र प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारून. व्हेंटिलेटरची घशातली नळी काढल्यावर आवाज घोगरा राहतो काही दिवस, पण पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल तर ते लगेच दाखवा.

आता मनाचं. आईला आयसीयूत भिंतीवरून माणसं चालताना दिसायची, नर्स आपल्याला मारायला आल्यात असं वाटायचं, आणि घरी आल्यावरही रात्री दचकून उठायची. हे वेड नाही, आयसीयूत असं खूप जणांना होतं, त्याला डिलिरियम म्हणतात. "असं काही झालंच नव्हतं" म्हणून गप्प करू नका, त्यांना जे दिसलं ते बोलू द्या आणि मग खरं काय झालं ते सांगा. परदेशात काही आयसीयूत नातेवाईक आणि नर्स मिळून पेशंटची डायरी लिहितात, तसं आपणही करू शकतो, फॅमिली ग्रुपवरचे त्या दिवसांतले मेसेज बघून कधी काय झालं ते एका वहीत उतरवून द्यायचं. विसरायला होतं, शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते. हे कमी होईपर्यंत गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून ठेवा, बँकेचे मोठे व्यवहार आणि गाडी चालवणं लांबवा. झोप लागत नसेल, जगण्यातच रस उरला नसेल तर मानसोपचार डॉक्टरकडे जायला लाजू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले तर घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात.

पहिल्या फॉलोअपला सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बीपीची, शुगरची कुठली गोळी बंद केलेली, ती कधी चालू करायची, आयसीयूत चालू केलेली झोपेची आणि अॅसिडिटीची गोळी अजून लागते का, हे एकेक विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, परत कधी करायची तेही. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर आणू नका, किडनीवर येतं. अँटिबायोटिक दिलं असेल तर कोर्स पूर्ण करायचा, आणि घरात उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी चालवायच्या नाहीत. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची तेही विचारून ठेवा. शुगर असेल तर तळपायाला जखम नाही ना ते रोज रात्री बघा.

हे एवढं का सांगते, तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे सेप्सिसमधून वाचलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक ९० दिवसांत परत अॅडमिट होतात आणि बऱ्याचदा कारण पुन्हा इन्फेक्शनच असतं. त्यामुळे थंडी वाजून ताप, धाप, बरळणं किंवा खूप गुंगी, लघवी एकदम कमी, हातपाय गार आणि त्वचेवर निळसर-जांभळट डाग, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही, नुसतं अंग गार पडतं, तेही तितकंच गंभीर. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स दाराजवळ ठेवा, १०८ ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, "यांना आधी सेप्सिस होऊन गेलाय."