जुन्या फ्रेंच चांदीवरचा कारागिराचा शिक्का कसा ओळखावा

आधी आद्याक्षरं वाचायला जाऊ नका, चौकट बघा. 1797 नंतरच्या फ्रेंच चांदीवर कारागिराचा शिक्का उभ्या शंकरपाळीसारखा असतो. आत आद्याक्षरं आणि एक छोटं चिन्ह, म्हणजे तारा, चावी, फूल असं काहीतरी. हेच चौकोनी चौकटीत दिसलं तर तो चांदीचा मुलामा, मग नाव कितीही मोठं असो. मुलाम्याच्या काट्या-चमच्यांवर 84 हा आकडा दिसला की पुष्कळ जण तो शुद्धतेचा समजतात. प्रत्यक्षात बारा काटे आणि बारा चमचे यांच्यावर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली, ते तो सांगतो.

आता शेजारी मिनर्व्हा या रोमन देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं शोधा. ते 1838 पासूनचं. कपाळासमोर 1 असेल तर शुद्धता हजारात 950, हनुवटीसमोर 2 असेल तर 800. नाजूक वस्तूंवर मिनर्व्हाऐवजी रानडुकराचं डोकं किंवा खेकडा असतो. हंस दिसला तर थांबा. 1893 पासून तो बाहेरून आलेल्या किंवा मूळ न कळणाऱ्या मालावर मारत असत.

शिक्के काटा-चमच्याच्या दांड्याच्या मागे असतात. दहापट भिंग घ्या आणि टॉर्च समोरून न धरता बाजूनं, अगदी तिरपा धरा. काळवंडलेला शिक्का पॉलिशनं घासू नका: खाचांतला काळेपणाच अक्षरं उठावदार करतो. फार तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश. दोन अक्षरं जुळली म्हणून कारागीर ठरवू नका, एकाच आद्याक्षरांचे अनेक होते. मधलं चिन्हही जुळायलाच हवं.