लॅपटॉपची बॅटरी कॅलिब्रेट करताना या चुका टाळा

लालबागला राहणारी माझी भाची मे महिन्यात कॉलेजच्या प्रकल्पाचे सादरीकरण करत होती. लॅपटॉपवर ३१ टक्के चार्जिंग दिसत असतानाच तो बंद पडला, आणि चार्जर लावून सुरू केल्यावर पडद्यावर २ टक्के आले. "मामा, खरंच एकतीस होते, मी आत्ताच पाहिले होते," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. त्याच संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी बॅटरी घ्यायचे तिने ठरवले होते. मी तिला दोन दिवस थांबायला सांगितले.

बॅटरीत किती वीज शिल्लक आहे, हे लॅपटॉपला थेट दिसत नसते. बॅटरीतील एक छोटी चिप आत गेलेला आणि बाहेर पडलेला विद्युतप्रवाह मोजत राहते आणि त्या हिशेबावरून टक्के काढते. सोसायटीचा वॉचमन गच्चीवर न चढता, पंप किती वेळ चालला यावरून टाकीतल्या पाण्याचा अंदाज सांगतो, तसाच हा प्रकार आहे. रोजची बारीक चूक साठत जाते, आणि तळाशी गाळ साचून टाकीच लहान झाली असेल तर अंदाज आणखी फसतो. व्होल्टेजवरून ताडून पाहावे, तर लॅपटॉपच्या बॅटरीत असणाऱ्या लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट असले तरी मधल्या मोठ्या टप्प्यात ते फार सावकाश उतरते, त्यामुळे तिथे नेमके उत्तर मिळत नाही. कॅलिब्रेशन म्हणजे टाकी एकदा काठोकाठ भरून आणि एकदा रिकामी करून वॉचमनचा हिशेब नव्याने लावून देणे. त्याने गाळ निघत नाही, म्हणजे झिजलेली बॅटरी पुन्हा नवी होत नाही. बॅटरीचा बॅकअप वाढावा म्हणून कॅलिब्रेशन करणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

त्यामुळे आधी बॅटरीची स्थिती पाहून घ्यावी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'powercfg /batteryreport' असे टाइप करून एंटर दाबले की एक अहवाल तयार होतो आणि त्याची फाइल कुठे आहे तेही तिथेच दिसते. भाचीच्या अहवालात डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असतानाची क्षमता, ४१,००० मिलीवॉट-अवर आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे चिपच्या हिशेबाने आता पूर्ण भरल्यावर मावणारी वीज, ३८,६०० होती. ३१ टक्क्यांवर मान टाकणाऱ्या बॅटरीसाठी हा दुसरा आकडा जरा जास्तच चांगला होता, आणि चिपचा हिशेब चुकतो आहे हा माझा संशय तिथेच पक्का झाला.

प्रत्यक्ष काम सुरू करताना चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय बंद करायला अनेक जण विसरतात. ती चालू असेल तर बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. १०० टक्के झाल्यावरही चार्जर सुमारे दोन तास तसाच ठेवावा. नंतर तो काढून, बॅटरीवर असताना स्क्रीन बंद होण्याची आणि स्लीपची वेळ 'नेव्हर' करून, लॅपटॉप आपणहून हायबरनेट होईपर्यंत, म्हणजे उघडे काम जपून ठेवून बंद होईपर्यंत, चालू द्यावा. मध्येच दहा मिनिटे चार्जर लावू नये. हिशेब बिघडलेला लॅपटॉप अचानकही बंद पडू शकतो, म्हणून त्या काळात महत्त्वाची फाइल उघडी ठेवू नये.

यानंतरची घाई मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो. लॅपटॉप बंद पडला की लगेच चार्जर लावला जातो. वापरात असलेल्या सेलचे व्होल्टेज भारामुळे दबलेले असते आणि भार काढल्यावर ते हळूहळू स्थिरावते. अनेक चिपा या स्थिरावलेल्या व्होल्टेजवरूनच आपला हिशेब दुरुस्त करतात. म्हणून चार-पाच तास लॅपटॉप बंदच असू द्यावा आणि मग एका दमात १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करावा. पण रिकामी बॅटरी आठवडाभर पडून राहू देणे हेही वाईटच, कारण खोलवर उतरलेल्या सेलची कायमची हानी होऊ शकते.

मुंबईच्या उकाड्यात हे काम भर दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून करू नये. उष्णता लिथियम-आयनची मोठी वैरी आहे. रात्री, पंख्याखाली, कडक टेबलावर करावे. दर महिन्याला पूर्ण रिकामी करण्याची सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियम-आयनची झीज अशा प्रत्येक फेरीत थोडी होतेच, त्यामुळे आकडा फसू लागला तरच कॅलिब्रेशन करावे. ॲपलच्या सध्याच्या मॅकबुकना त्याची गरज नसते, आणि काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये त्यांची स्वतःची सोय असते. ती असेल तर तीच वापरावी. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल किंवा खालचे झाकण उचलले गेले असेल, तर कॅलिब्रेशनचा विचारही करू नये. लॅपटॉप त्वरित बंद करून दुरुस्तीला न्यावा.

भाचीच्या लॅपटॉपवर हे सारे झाल्यानंतर अहवालात फुल चार्ज कपॅसिटी २९,८०० आली आणि आपण बॅटरी बिघडवली असे तिला वाटले. खरे तर बॅटरी आधीपासूनच तेवढीच उरली होती. आता चिप ते प्रामाणिकपणे सांगू लागली होती. तिचा लॅपटॉप आता आधी सूचना देतो आणि ५ टक्क्यांवर हायबरनेट होतो. दोनदा नीट कॅलिब्रेशन करूनही लॅपटॉप २०-३० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर बहुधा पॅकमधला एखादा सेल इतरांपेक्षा आधी उतरत असतो आणि त्याला वाचवण्यासाठी संरक्षक सर्किट वीज तोडत असते. तिथे बॅटरी बदलणे हाच उपाय आहे, आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.